ओटीपी सांगितला म्हणून दाद मागायचीच नाही?

खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले की पहिला प्रश्न ग्राहकालाच ऐकावा लागतो: ओटीपी कुणाला सांगितलात? चूक ग्राहकाचीच असणार आणि चूक झाली असेल तर तक्रारीत अर्थ नाही, हा समज त्यामागे आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून, बनावट कार्डे वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. सुमारे 94 कोटी रुपये गेले आणि त्यासाठी कुठल्याही खातेदाराला फोन करून ओटीपी विचारावा लागला नाही. आधारवर चालणाऱ्या एईपीएस सेवेत तर आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर रोख रक्कम मिळते. दस्तनोंदणीच्या कागदांवरून ठशांची नक्कल करून गरिबांची खाती रिकामी केल्याचे गुन्हे पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. म्हणूनच आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवणे हे ओटीपी जपण्याइतकेच गरजेचे आहे. ही सोय मोफत आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते.

नुकसान कुणी सोसायचे, याचा नियम रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो सहकारी बँकांनाही लावला. (पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, म्हणून तिला तो लागू नाही, हे महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवायला हवे.) उणीव बँकेची असेल, तर ग्राहकावर काहीच भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर पूर्ण संरक्षण मिळते. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यासाठी ग्राहकाचा वाटा फार तर 10,000 रुपये. त्यानंतर मात्र बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर झालेले बँकेचे. सगळ्यात मोलाचे कलम असे, की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच नियमाच्या आधारे एका कंपनीला 76 लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: इतके संरक्षण दिले तर लोक बेफिकीर होतील आणि त्याचा भुर्दंड इतर ठेवीदारांना बसेल. भीती रास्त आहे, पण नियम नीट वाचला तर ती टिकत नाही. पिन वाटत सुटणाऱ्याला तो पाठीशी घालत नाही. तो बक्षीस देतो ते लवकर कळवण्याला. शिवाय, कधी नव्हे ते मध्यरात्री पैसे पाठवण्यासाठी चार नवी नावे जोडून लाखोंची रक्कम निघते आहे, हे खातेदार झोपेत असताना फक्त बँकेलाच दिसू शकते. ज्याला दिसते त्याच्यावर जबाबदारी टाकली, तरच यंत्रणा सुधारेल. आजचे चित्र उलटे आहे. ‘तुमचीच चूक’ हे ऐकून माणूस शरमेने गप्प बसतो, मुलांनाही सांगत नाही, आणि ते तीन दिवस निघून जातात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या धाकाने माणूस स्वतःच आरटीजीएस करतो, तेव्हा व्यवहार त्याच्या संमतीचा ठरतो आणि वरचे संरक्षण सहसा मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कुठलीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे. तरीही पैसे गेलेच, तर ते काही तासांत भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकतात, म्हणून बँकेला कळवण्याबरोबरच ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करावा. मधल्या एखाद्या खात्यात उरलेली रक्कम तिथेच गोठवता येते. बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि तिथे हीच नोंद लागते.