बँकेने ओव्हरड्राफ्टचं लिमिट अचानक बंद केलं तर? आधी काय, मग काय



जून-जुलैची 61 दिवसांची मासेमारी बंदी म्हणजे घरात येणं बंद आणि जाणं चालू. बोटीची डागडुजी, इंजिनचं काम, नवी जाळी, खलाशांची उचल. बऱ्याच घरांत हा खर्च ओव्हरड्राफ्टवर निघतो. कुणाचा एफडीवर असतो, कुणाचा घरावर, कुणाचा घरातल्या नोकरदाराच्या पगारावर. आणि नेमकं ऑगस्टच्या तोंडावर बँकेने कळवलं की लिमिट बंद, तर काय करायचं?

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. लिमिट म्हणजे आपली शिल्लक नव्हे. समजा लिमिट 3 लाखांचं आहे आणि 2 लाख 40 हजार वापरलेत. उरलेले 60 हजार आपण मनात आपलेच धरतो. पण ओव्हरड्राफ्टच्या करारात बहुधा "मागणी करताच परतफेड" असं कलम असतं. म्हणजे लिमिट काढलं की ते 60 हजार तर गेलेच, वर 2 लाख 40 हजारांची मागणीही येऊ शकते.

बँक असं का करते?

एक, मुदत संपली आणि नूतनीकरणाचे कागद दिले नाहीत.

दोन, खात्यात भरणाच झाला नाही. सलग 90 दिवस काहीच जमा नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळातल्या व्याजालाही पुरली नाही, तर नियमाप्रमाणे खातं बिघडलेलं धरतात आणि ते थकीत कर्जात जातं. बंदीचे 61 दिवस, त्याला मे अखेरचे मंदीचे दिवस आणि ऑगस्टमधलं खराब हवामान जोडा. 90 कधी भरतात ते कळतही नाही.

तीन, बँकच अडचणीत येते. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. 13 फेब्रुवारी 2025 ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवरही निर्बंध आले. अशा निर्बंधांत परवानगीशिवाय नवं कर्ज देता येत नाही आणि जुन्याचं नूतनीकरणही होत नाही. ग्राहकाची काही चूक नसताना लिमिट अडकतं.

पहिल्या दोन दिवसांत काय कराल?

1. दिलेले चेक मोजा. बर्फवाला, जाळीवाला, डिझेलवाला, कुणाकडे किती तारखेचा चेक आहे ते लिहून काढा. चेक वटायच्या आधी फोन करा, स्पष्ट सांगा, तारीख वाढवून घ्या. चेक परत गेला आणि समोरच्याची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. लिमिट बँकेने काढलं, हे सांगून सुटका होईलच असं नाही.

2. आपोआप कापले जाणारे हप्ते बघा. त्यात बोटीचा विमा असेल तर तो आधी दुसरीकडून भरा. विमा तुटलेली बोट समुद्रात नेणं हा सगळ्यात महाग धोका.

3. घरखर्चासाठी दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं ठेवा. ओव्हरड्राफ्टच्या खात्यात आलेला पैसा थेट कर्जात वळता होतो आणि त्याच बँकेतल्या बचत खात्यावरही बँक हक्क सांगू शकते. मात्र धंद्याच्या कर्जात मासळीचे पैसे त्याच खात्यात भरायची अट असते का, ते आधी कागदात बघा. लपवाछपवी नको.

मग बँकेत जा, पण हातात अर्ज घेऊन

तोंडी बोलणं उपयोगाचं नाही. लेखी विचारा: लिमिट का काढलं, कुठल्या कलमाखाली, किती मुदत? कर्ज परत मागण्याआधी करारातली मुदत द्यावी, करारात नसेल तर वाजवी मुदतीची नोटीस द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2003 मध्येच बँकांना सांगून ठेवलंय.

त्याच अर्जात आपला प्रस्ताव मांडा: थकलेल्या रकमेचं मुदत कर्ज करा, हप्ते ऑगस्ट ते मे या धंद्याच्या महिन्यांत जास्त ठेवा, बंदीत फक्त व्याज घ्या. सोबत मागच्या हंगामातल्या विक्रीच्या पावत्या आणि सोसायटीचा दाखला जोडा. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

30 दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही. माहितीसाठी 14448. लिमिट द्यायचं की नाही यात लोकपाल पडत नाही, पण नोटीस न देणं, चुकीचं व्याज लावणं याची दाद मागता येते. तुमची बँक किंवा पतसंस्था या योजनेत येते का, तेवढं आधी विचारून घ्या.

घाईत हे करू नका

व्यापाऱ्याकडून मोठी उचल घेऊन "माल तुलाच देतो" असा शब्द देऊ नका. व्याज दिसत नाही, पण भावात कापलं जातं, तेही पूर्ण हंगामभर. विनापरवाना सावकाराकडे तर जाऊच नका. 2014 च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. त्यापेक्षा मच्छीमारांच्या किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करा. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि सवलतीच्या कर्जाची वेळेत परतफेड केली तर व्याजात आणखी 3 टक्के सूट मिळते.

आणि पुढच्या वर्षासाठी एकच सवय लावा. हंगामात दर फेरीमागे थोडी रक्कम बाजूला काढा आणि बंदीतही दर महिन्याला खात्यात व्याजापुरतं तरी भरा. मे महिन्यात आपलं लिमिट किती, वापरलं किती, नूतनीकरण कधी, हे बँकेत जाऊन विचारा. कागद वाचायला अडचण असेल तर घेऊन सोसायटीत या. एकत्र बसून वाचू.