पुसलेल्या सीमेची वाट

१२ जून १८१७ या दिवशीं मानहाइम येथील कार्ल फोन ड्राइस नांवाचा एक वनाधिकारी दोन लांकडी चाकांच्या एका अजब यंत्रावर स्वार झाला, पायांनीं जमीन मागें रेटीत श्वेट्झिंगेनच्या दिशेनें गेला आणि तासाभराच्या आंत परतला. त्या यंत्राला पायडल नव्हतें, साखळी नव्हती. तरी आजच्या सायकलीचें मूळ तेंच. त्या दिवशीं ड्राइसनें मुद्दाम त्या प्रांतांतील उत्तम रस्ता निवडला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एरवींचे रस्ते चाकोऱ्यांनीं आणि चिखलानें इतके फाटलेले असत कीं, त्यांवर त्याचें यंत्र चाललेंच नसतें. वनाधिकाऱ्यानें शोधलेली सायकल वनांत शिरूं शकत नव्हती. तिला तेथें सुखानें शिरतां येण्यास पुष्कळ काळ लोटावा लागला.

अमेरिकेंत, विशेषतः कॅन्सस राज्यांतील खडीच्या अफाट रस्त्यांवर शर्यती करणाऱ्यांनीं या शतकाच्या आरंभीं जी सायकल रूढ केली, तिला ‘ग्रॅव्हेल बाईक’, म्हणजे खडीची सायकल, असें नांव पडलें. दिसावयास ती शर्यतीच्या सायकलीसारखीच. हँडल खालीं वळलेलें, सांगाडा हलका. परंतु तिचा टायर साडेतीन ते पांच सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यांत हवा बेताची भरतात. त्यामुळें तो दगडावर आपटून उडत नाहीं. दगडाला जणूं कवेंत घेऊन पुढें सरकतो. ब्रेक चाकाच्या कडेला न लागतां मध्यावरच्या तबकडीला लागतात, म्हणून चिखलाची फारशी बाधा होत नाहीं. या सायकलीनें वेग साधत नाहीं असें नव्हे, पण तिचा खरा गुण निराळा आहे: डांबरी रस्ता संपला म्हणून तिच्यावर बसणाऱ्यास परत फिरावें लागत नाहीं.

जर्मनीसारख्या देशांत या गुणाला मोठी किंमत आहे. त्या देशाची सुमारें एकतृतीयांश भूमि अरण्यानें व्यापलेली असून, तोडलेलें लांकूड वाहून नेण्याकरितां त्यांत खडीच्या वाटा केलेल्या आहेत. तेथील वनविषयक कायद्यानें या वाटांवर सायकल चालविण्याची मोकळीक सर्वांना दिली आहे. वाट सोडून झाडींत घुसण्याची मात्र नाहीं. मोटारीचा रस्ता गांवाला वळसा घालून जातो. शेताच्या बांधावरचा दगड मोटारींतून दिसत नाहीं. मध्ययुगांत खून करणाऱ्यानें मृताच्या नातलगांशीं तडजोड करून, प्रायश्चित्त म्हणून उभारलेले ओबडधोबड दगडी क्रूस अशा आडवाटांवर अजून आढळतात. १५३२ च्या शाही फौजदारी कायद्यानें असल्या खासगी तडजोडींचा काळ संपविला. क्रूस तेवढे राहिले.

परंतु या आडवाटांत सर्वांत विलक्षण वाट इतकी जुनी नव्हे. ती सैनिकांनीं केली आणि अवघीं कांहीं दशकें चालविली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्यें जर्मनीचीं दोन राज्यें झालीं आणि त्यांच्यामध्यें बाल्टिक समुद्रापासून चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीपर्यंत सुमारें १,४०० किलोमीटरची सीमा पडली. बर्लिनची भिंत जगाला ठाऊक आहे. ती शहरापुरती होती. ही सीमा शेतांतून, ओढ्यांतून, क्वचित् घराच्या परसांतून गेली. २६ मे १९५२ रोजीं पूर्व जर्मनीच्या सरकारनें सीमेलगत पांच किलोमीटर रुंदीचा निषिद्ध पट्टा ठरविला. त्यांत राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर शिक्का लागे. बाहेरून येणाऱ्या सख्ख्या भावालाही परवाना लागे. ज्यांच्या निष्ठेविषयीं संशय, त्यांना घरदार सोडून आंतल्या मुलखांत जाण्याचा हुकूम झाला. त्या मोहिमेचें सांकेतिक नांव होतें ‘उपद्रवी किडे’. १९५२ आणि १९६१ या दोन वर्षीं मिळून अकरा हजारांच्या वर माणसें अशीं उचलण्यांत आलीं.

या सीमेची ओळख करून घेण्यास म्योडलारॉइट हें खेडें बरें. वस्ती जेमतेम चाळीस-पन्नास माणसांची. गांवांतून टानबाख नांवाचा ओढा वाहतो. एका ढांगेंत ओलांडतां यावा एवढाच. १८१० मध्यें या ओढ्याच्या कांठीं हद्दीचे दगड रोवले गेले: एका बाजूस बव्हेरियाचें राज्य, दुसऱ्या बाजूस रॉइस घराण्याचें संस्थान. गांवकऱ्यांना त्याचें कांहींच वाटलें नाहीं. शाळा आणि खानावळ ओढ्याच्या एका तीरावर, प्रार्थनेला जाण्याचें चर्च दुसऱ्या बाजूच्या ट्योपेन गांवांत. मुलें आणि म्हातारीं माणसें रोज एक ‘सरहद्द’ ओलांडीत. १९४९ मध्यें त्याच दगडांच्या रेषेवर दोन जगें येऊन भिडलीं. आधीं लांकडी कुंपण आलें. १९६६ मध्यें सातशें मीटर लांबीची काँक्रीटची भिंत आली. पूर्वेकडच्या माणसानें पलीकडच्या शेजाऱ्याला हात करणें हाही गुन्हा ठरला. अमेरिकन सैनिक या खेड्याला ‘छोटें बर्लिन’ म्हणत. ९ डिसेंबर १९८९ रोजीं भिंतींत पायीं जाण्यापुरती वाट उघडली, आणि १७ जून १९९० रोजीं यंत्र लावून ती पाडण्यांत आली. नमुन्यासाठीं एक तुकडा राखून ठेवला आहे. गंमत अशी कीं, बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन घटक राज्यांची हद्द आजही त्याच ओढ्यानें जाते. इतक्याशा गांवाला दोन नगराध्यक्ष आहेत, आणि रामराम करण्याची रीतही दोन तीरांवर दोन. सीमा नाहींशी झाली नाहीं. १८१० मध्यें होती तशी निरुपद्रवी झाली, एवढेंच.

गांवाबाहेर पडलें कीं, सैनिकांची ती वाट लागते. पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेल्यास रचना अशी होती: आधीं प्रत्यक्ष हद्द, मग कांहीं अंतर आंत लोखंडी जाळीचें उंच कुंपण, त्यामागें मोटारी अडविण्याचा खंदक, त्यामागें नांगरून-कुळवून भुसभुशीत ठेवलेली मातीची पट्टी, म्हणजे पाऊल उमटल्यावांचून राहूं नये, आणि सर्वांच्या मागें गस्तीच्या गाड्यांची वाट. म्हणजे हा सारा बंदोबस्त बाहेरून येणाऱ्यासाठीं नव्हता. आंतून जाणाऱ्यासाठीं होता. वाटेवर काँक्रीटच्या सच्छिद्र फरशांच्या दोन समांतर ओळी आहेत. छिद्रांमुळें पाणी मुरतें आणि फरशा वाहून जात नाहींत. अरुंद टायरची सायकल या छिद्रांत अडकते वा दणके खाते. रुंद टायरची सायकल तेथून जाते, पण स्वाराचे हात तासाभरांत बधिर होतात. जाणते स्वार शक्य तेथें दोन ओळींमधल्या गवतावरून जातात. चढावर तर ही वाट कसलीच दयामाया दाखवीत नाहीं. सामान्य रस्ता डोंगराला वळणें घेत चढतो, कारण तो माणसाच्या सोयीसाठीं असतो. ही वाट कुंपणाच्या रेषेला बांधलेली. कुंपण सरळ गेलें कीं वाटही सरळ माथ्यावर जाते. धापा टाकीत सायकल ढकलणाऱ्या माणसाला तिचा हेतु फलक न वाचतांही कळतो.

वाट सोडून चालणें मात्र शहाणपणाचें नव्हे. या सीमेवर एकंदर सुमारें तेरा लक्ष सुरुंग पेरले गेले होते. १९८५ पर्यंत ते काढले गेले असें म्हणत. पण पुरानें वाहिलेले, नोंदींतून निसटलेले सुरुंग शोधण्याचें काम एकीकरणानंतर १९९५ पर्यंत चाललें होतें.

पश्चिमेस पाटीच्या काळ्या-निळ्या दगडाचा डोंगराळ मुलूख लागतो. लेहेस्टेनजवळच्या दगडखाणींत १९४३ पासून ‘लाउरा’ नांवाची छळछावणी होती. व्ही-दोन अग्निबाणांच्या यंत्रांची तेथें चांचणी होई आणि बुखेनवाल्डहून आणलेले कैदी त्यासाठीं राबून मरत. पुढें प्रोब्स्टत्सेला. या लहानशा स्थानकांत पूर्व-पश्चिम आगगाड्यांची तपासणी होई. तेथेंच फ्रांत्स इटिंग नांवाच्या समाजवादी कारखानदारानें १९२७ मध्यें पुरें केलेलें भव्य लोकगृह उभें आहे. बाउहाउस पंथाच्या आल्फ्रेड आर्न्डटनें त्याला रूप दिलें. इटिंगला नाझींनीं कैदेंत टाकलें, आणि त्यांच्यानंतरच्या राजवटीनें त्याची मालमत्ता घेतली. शेवटीं तो सीमेपलीकडच्या लुडविग्जश्टाट या शेजारच्याच गांवीं जाऊन राहिला. एका दिवसाच्या सायकलप्रवासांत दोन हुकूमशाह्यांच्या खुणा एकमेकींना खेटून दिसतात. जर्मन खेड्याचा इतिहास सोपा करून सांगणाऱ्यांनीं हा पट्टा एकदां हिंडावा.

पण सर्वांत अधिक थांबावयास लावणारी जागा ती, जेथें पाहण्यासारखें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. हेल्डबुर्गच्या बाजूस बिल्मूटहाउझेन नांवाचें खेडें होतें. सीमेच्या अगदीं तोंडावर असल्यामुळें तें सैनिकांच्या दृष्टीच्या आड येत होतें. एकेक कुटुंब गेलें. १९६५ मध्यें चर्च पाडलें. १९७८ मध्यें शेवटचें कुटुंब हललें आणि उरलीं घरें जमीनदोस्त झालीं. आज तेथें कबरस्तान आहे आणि विजेच्या रोहित्राचा एक मनोरा आहे. मृत राहिले आणि वीज राहिली. मधलें जिवंत गांव गेलें. अशीं गांवें सीमेच्या कांठानें आणखीही होतीं. कांहीं ठिकाणीं माळावर अचानक सफरचंदाचीं झाडें भेटतात. रानांत तीं आपोआप अशीं एका ओळींत उगवत नाहींत. खडीच्या सायकलीवरून जाणारा तेथें थांबतो, कारण उतरणें त्याला सोपें असतें; मोटारीच्या वेगानें जाणाऱ्याला तें केवळ एक कुरण वाटेल.

माणूस जेथून हांकलला गेला, तेथें दुसरे जीव येऊन राहिले, हीही या पट्ट्याची हकीकत आहे. १९७० नंतरच्या दशकांत कोबुर्गजवळचा काय फ्रोबेल नांवाचा एक शाळकरी मुलगा पश्चिमेच्या बाजूनें दुर्बीण लावून पक्ष्यांच्या नोंदी करीत असे. आपल्याकडील गप्पीदासाचा भाऊबंद असलेला एक लहानसा, तपकिरी गळ्याचा पक्षी शेतीवाडींतून जवळजवळ नाहींसा झाला होता; तो या पडीक सीमापट्ट्यांत घरटीं करी आणि हद्दीच्या खांबांवर बसून किडे टिपी. भिंत पडल्यानंतर महिनाभरांत, ९ डिसेंबर १९८९ रोजीं, होफ शहरीं दोन्हीं बाजूंचे सुमारें चारशें निसर्गप्रेमी जमले आणि हा पट्टा ‘हिरवा पट्टा’ म्हणून राखावा असा ठराव त्यांनीं केला. फ्रोबेल हा त्यांतला एक प्रमुख. थुरिंगियानें आपल्या हद्दींतील ७६३ किलोमीटरच्या पट्ट्याला २०१८ मध्यें राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा दिला.

तथापि सारा पट्टा वांचला असें नाहीं. जमीन सुपीक तेथें तो नांगराखालीं गेला. कोठें फरशा उचलून नेल्या. मोकळें कुरण रान माजून बुजूं नये म्हणून कांहीं ठिकाणीं मेंढ्या आणि गुरें चारावीं लागतात. सायकलस्वाराला हें नकाशापेक्षां चाकाखालीं अगोदर कळतें. तासभर चाललेला फरशांचा खडखडाट एकाएकीं थांबतो, पुढें मऊ ढेकळें लागतात, आणि उभ्या पिकाला वळसा घालून पलीकडे ती वाट पुन्हां कोठें सुरू होते, तें त्याला बांधाबांधानें शोधीत जावें लागतें.