रिप्लेची कळ

भातकापणी आटोपली आणि खळी उठली की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील खाचरांचे रूप पालटते. बांध सपाट होतात, मध्यभागी खेळपट्टी चोपली जाते, कडेला मंडप उभा राहतो आणि पौष-माघाच्या थंडीत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने रंगू लागतात. अलीकडच्या काळात या मंडपातील चषकांच्या शेजारी आणखी एक टेबल दिसू लागले आहे. त्यावर एक लॅपटॉप, वायरींचा गुंता आणि त्यामागे कानाला हेडफोन लावून बसलेला गावातलाच एखादा तरुण. सामन्याचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवरून जात असते. पोटापाण्यासाठी कल्याण-ठाण्याला गेलेला गावकरी ते कसारा लोकलमध्ये उभ्याउभ्या पाहत असतो.

समजा, शेवटचे षटक चालू आहे. जिंकायला दोन धावा हव्या आहेत. फलंदाज दुसऱ्या धावेसाठी झेपावतो, चेंडू यष्टीवर आदळतो आणि धावचीतचे जोरदार अपील होते. पंच दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढतात. मैदानावरच्या सगळ्या नजरा त्या टेबलाकडे वळतात. तरुण माउस सरकवू लागतो. पडद्यावरची इवलीशी पट्टी बाणाच्या टोकात सापडत नाही. सापडते तेव्हा नेमका क्षण पुढे निघून गेलेला असतो आणि मागे आणावे तर दृश्य भलतेच मागे जाते. अर्धे मिनिट जाते, एक मिनिट जाते. समालोचकाजवळचे शब्द संपतात आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकाला कुजबुज सुरू होते, ‘मुद्दाम दाखवत नाहीये.’

वास्तविक त्या तरुणाच्या मनात काळेबेरे काही नसते. उणीव असते ती त्याच्या हातातील साधनात. लिहिण्या-वाचण्यासाठी उत्तम असलेला माउस पळत्या दृश्याला वेसण घालण्यासाठी बनलेलाच नाही. त्यासाठी वेगळी पेटी असते. बोटांनी चाचपता येतील अशी बटणे, फिरवता येईल असे चाक आणि मागेपुढे ढकलता येईल असा दांडा असलेले हे नियंत्रण पॅनेल काय करते, ते सॉफ्टवेअरशी कसे बोलते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे आता केवळ वाहिन्यांच्या तंत्रज्ञांपुरते उरलेले नाही.

फितीपासून तबकडीकडे

टीव्हीवर खेळाचा क्षण लगेच पुन्हा दाखवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग अमेरिकेत 7 डिसेंबर 1963 रोजी झाला. आर्मी आणि नेव्ही या संघांमधील फुटबॉल सामन्यात सीबीएस वाहिनीचे दिग्दर्शक टोनी व्हेर्ना यांनी एक दृश्य नेहमीच्याच वेगाने पुन्हा दाखवले. संघाने पुन्हा गुण मिळवले असे प्रेक्षकांना वाटू नये म्हणून समालोचकाला खुलासा करावा लागला. फितीवरील नेमकी जागा शोधणे ही त्या काळी मोठी कसरत होती. पुढे फितीच्या यंत्रांना दांडा आणि फिरते चाक असलेली नियंत्रणे जोडली गेली आणि चालकाच्या हातात दृश्याचा वेग आला.

मराठी क्रिकेटरसिकांच्या मनात मात्र रिप्लेची आठवण दर्बानशी जोडलेली आहे. 14 नोव्हेंबर 1992 रोजी जॉन्टी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावचीत ठरला. टीव्हीवरील दृश्य पाहून तिसऱ्या पंचाने, म्हणजे कार्ल लीबेनबर्ग यांनी, बाद ठरवलेला तो कसोटी क्रिकेटमधील पहिला फलंदाज. त्या दिवसापासून रिप्ले ही केवळ करमणूक राहिली नाही, तो पुरावा झाला.

1994 मध्ये बेल्जियममध्ये ईव्हीएस ही कंपनी स्थापन झाली. चित्रीकरण फितीऐवजी संगणकाच्या हार्ड डिस्कवर होऊ लागल्याने चित्रीकरण चालू असतानाच मागचे दृश्य पाहणे शक्य झाले. या कंपनीचे दांडा आणि चाक असलेले पॅनेल जगभरच्या प्रक्षेपण गाड्यांत इतके रुळले की रिप्ले चालवणाऱ्याला ‘ईव्हीएस ऑपरेटर’ असेच नाव पडले. फीत गेली, डिस्क आली. पण चाक आणि दांडा टिकून राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नजर चित्रावर, हात पेटीवर

आज हेच काम चांगल्या प्रतीच्या संगणकावरील सॉफ्टवेअर करू शकते. ऑस्ट्रेलियातील ‘व्हीमिक्स’च्या वरच्या आवृत्त्यांत रिप्लेची सोय आहे आणि ‘दा विंची रिझॉल्व्ह’मध्येही 2024 पासून ती आली. सर्वांचे मूळ तत्त्व एकच. प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र अखंड साठवत राहायचे, महत्त्वाच्या क्षणी त्यावर खूण करायची आणि मागणी होताच तेवढाच तुकडा हव्या त्या कोनातून, हव्या त्या वेगाने दाखवायचा. दर सेकंदाला 50 मेगाबिट या दराने साठवण केल्यास एका कॅमेऱ्याला तासाला सुमारे साडेबावीस गिगाबाइट जागा लागते. म्हणजे दोन कॅमेऱ्यांचा चार तासांचा खेळ 180 गिगाबाइटमध्ये मावतो.

अडचण येते ती चालवण्यात. माउसने बटण दाबायचे तर आधी ते नजरेने शोधावे लागते आणि तेवढा वेळ नजर खेळावरून ढळते. हार्मोनियम वाजवणारा पट्ट्यांकडे पाहत बसत नाही. त्याच्या बोटांना जागा ठाऊक असतात. पॅनेलचे मर्म हेच आहे.

त्यावरील मुख्य कळा चार प्रकारच्या. पहिली खुणेची. घटना घडून गेल्यावर ती दाबली तरी सॉफ्टवेअर ठरवून दिल्याप्रमाणे आठ-दहा सेकंद मागे जाऊन तुकडा कापते; म्हणून चालकाला भविष्य ओळखावे लागत नाही. दुसरी कॅमेऱ्यांची बटणे. एकच क्षण समोरून आणि बाजूने पाहण्यासाठी. तिसरे जॉग म्हणून ओळखले जाणारे चाक. ते सावकाश फिरवले की चित्र एकेक फ्रेम पुढे किंवा मागे सरकते. काही पॅनेलांवर त्याभोवती शटल नावाचे स्प्रिंगचे कडे असते. ते जितके पिळावे तितके दृश्य वेगाने धावते आणि सोडले की थांबते. चौथा टी-बार, म्हणजे आडव्या मुठीचा दांडा. तो वेग ठरवतो. चेंडू फेकीच्या वाटेत असताना वेग अधिक आणि बेल्स उडताना अगदी मंद, हा चढउतार मूठ न सोडता एका ओघात साधतो. माउसने तेच करायचे तर प्रत्येक वेगासाठी वेगळी टिचकी मारावी लागेल.

पेटी आणि संगणक यांचे संभाषण

ही पेटी संगणकाशी मुख्यतः तीन प्रकारे बोलते. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे यूएसबीने जोडलेली पेटी स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेते. तिच्यावरील बटण दाबले की संगणकाला वाटते, कीबोर्डवरची एखादी कळ दाबली गेली. हे स्वस्त आणि सुटसुटीत आहे. आकडे असलेला सुटा छोटा कीबोर्ड घेऊन त्यावर चिकटपट्टीने ‘खूण’, ‘कॅमेरा 1’, ‘मंद’ असे लिहिले तरी काम भागते. मात्र यात एक खोच आहे. अशी कळ त्या क्षणी पडद्यावर पुढे असलेल्या खिडकीलाच पोहोचते. धावफलकातील खेळाडूचे नाव बदलताना रिप्लेचे बटण दाबले, तर रिप्ले येत नाही. नावात भलतेच अक्षर उमटते.

दुसरा प्रकार मिडीचा. संगीतातील वाद्ये एकमेकांना जोडण्यासाठी 1983 मध्ये आलेले हे मानक लग्नसराईतील ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्याला परिचित असते. त्यात प्रत्येक सरकदांडा 0 ते 127 यांपैकी एक आकडा पाठवतो आणि सॉफ्टवेअर त्या आकड्याचा वेग करते. संगीतासाठी बनलेली बटणांची आणि सरकदांड्यांची पेटी अशा रीतीने रिप्लेचे पॅनेल होऊ शकते. शिवाय तिचा संदेश कीबोर्डच्या मार्गाने जात नसल्याने दुसरी खिडकी पुढे असली तरी तो सहसा योग्य जागी पोहोचतो.

तिसरा प्रकार खास पॅनेलांचा. ही पेटी आणि सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी बोलतात. खूण नोंदली गेली की बटणाखालचा दिवा लागतो आणि रिप्ले प्रेक्षकांपर्यंत जात असेल तर तो लाल होतो. आपण जे पाहत आहोत ते साऱ्या गावालाही दिसते आहे की नाही, हे चालकाला क्षणात कळते.

कोणताही प्रकार निवडला तरी मांडणीचे काही साधे नियम पाळावेत. खुणेचे बटण आकाराने मोठे आणि एकटे असावे. दृश्य प्रेक्षकांपर्यंत पाठवणारे बटण त्यापासून दूर असावे, म्हणजे घाईत चूक होत नाही. धावफलक चालवणारा माणूस वेगळा असावा. सामन्यापूर्वी सरावाच्या चेंडूंवर दहा-बारा वेळा खूण करून पाहावी. आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी लॅपटॉपला बॅटरी आहे एवढ्यावर विसंबू नये; कॅमेरे आणि बाहेरची डिस्क यांनाही इन्व्हर्टरचा आधार असावा.

दोन फ्रेममधला अंधार

पॅनेल कितीही उत्तम असले तरी कॅमेऱ्याने न टिपलेले ते दाखवू शकत नाही. सेकंदाला 25 फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फ्रेमच्या मध्ये सेकंदाचा पंचविसावा भाग जातो. फलंदाज सेकंदाला सहा मीटर वेगाने धावत असेल तर तेवढ्यात तो 24 सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे एका फ्रेममध्ये बॅट रेषेच्या वीतभर बाहेर आणि बेल्स जागेवर, तर पुढच्या फ्रेममध्ये बॅट आत आणि बेल्स उडालेल्या, असे घडू शकते. आधी काय झाले, हे चाक हजार वेळा फिरवूनही कळणार नाही. सेकंदाला 50 फ्रेम घेतल्यास हे अंतर 12 सेंटिमीटरवर येते आणि 240 फ्रेम घेतल्यास अडीच सेंटिमीटरवर. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी क्रीजच्या अगदी रेषेत, तिपाईवर घट्ट बसवलेला 50 फ्रेमचा कॅमेरा घ्यावा. महागडे पॅनेल नंतर. तिरकस ठेवलेला कॅमेरा रेषेबाबत डोळ्यांना फसवतो.

प्रकाशाचाही प्रश्न आहे. धावणारा पुसट दिसू नये म्हणून कॅमेऱ्याचे शटर जलद ठेवावे लागते आणि त्याला भरपूर उजेड हवा. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मंद गतीत दृश्य उजळते-काळवंडते. रात्रीच्या सामन्याआधी त्याच दिव्यांखाली एक रिप्ले करून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

विश्वासाचा प्रश्न

टेनिस चेंडूच्या क्रिकेटला आता प्रतिष्ठाही लाभली आहे. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. गावच्या मैदानावर मात्र पंच, समालोचक आणि रिप्लेचा चालक हे तिघेही पंचक्रोशीतलेच असतात आणि पुष्कळदा खेळणाऱ्या दोन संघांपैकी एकाचे शेजारी. तेथे उशीर झाला की संशय येतो आणि संशय आला की सामना बंद पडतो. क्वचित दोन गावांतले बोलणेही बंद होते.

हा प्रश्न मोठ्या मैदानांनाही चुकलेला नाही. 2024 च्या आयपीएलमध्ये हॉक-आय यंत्रणेच्या चालकांना तिसऱ्या पंचाच्याच खोलीत बसवले गेले. पंच आणि चित्र यांच्यामधला निरोप्या कमी झाला, तसा वेळही वाचला. मंडपातही हे करता येईल. चालकाच्या शेजारी पंचांसाठी खुर्ची ठेवावी; कोणता कॅमेरा आणि किती मागे, हे पंचांनी सांगावे; चालकाने केवळ चाक फिरवावे. जे दृश्य पंच पाहतात तेच त्याच वेळी सर्वांना दिसू द्यावे आणि उपलब्ध असलेले सर्व कोन प्रत्येक वेळी, दोन्ही संघांसाठी, त्याच क्रमाने दाखवावेत.

एवढे करूनही एखादा क्षण दोन फ्रेमच्या मधल्या अंधारात हरवेलच. तेव्हा ‘चित्रावरून सांगता येत नाही’ असे स्पष्टपणे जाहीर करावे आणि शंकेचा फायदा फलंदाजाला देण्याचा जुना संकेत पाळावा. प्रेक्षकांनी चाक फिरताना पाहिलेले असते, प्रत्येक फ्रेम त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेली असते. निकाल मनाविरुद्ध लागला तरी काही लपवले गेले असे मग सहसा कोणी म्हणत नाही, आणि पुढचा चेंडू टाकला जातो.