कॉन्सर्टमध्ये कॅमेरा न्यायची परवानगी नेमकी कोण देतं?

तिकीट काढलं, कॅमेरा बॅगेत टाकला आणि गेटवरच्या सिक्युरिटीने परत पाठवलं. हौशी फोटोग्राफर्सना हा अनुभव नवा नाही. मोबाइल चालतो, पण लेन्स बदलता येणारा कॅमेरा बहुतेक मोठ्या शोमध्ये 'प्रोफेशनल' धरला जातो. त्यासाठी लागतो फोटो पास.

पास कोणाला द्यायचा, हे सहसा कलाकाराचं मॅनेजमेंट किंवा पीआर टीम ठरवते, अनेकदा आयोजकांमार्फत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, फोटो कुठे छापून येणार? स्वतंत्र फोटोग्राफरची गाडी इथेच अडते. एखाद्या वेबसाइटने 'हा आमच्यासाठी फोटो काढतोय' असा मेल दिला तर काम सोपं होतं. नाहीतर सुरुवात छोट्या कार्यक्रमांपासून करावी लागते. कॅफेत वाजवणाऱ्या बँडला थेट विचारलं की ते बहुतेक वेळा हो म्हणतात, कारण फोटो त्यांनाही हवे असतात. जागेच्या मालकालाही आधी सांगितलेलं बरं.

पास मिळाला तरी जगभर चालणारा नियम आहेच: पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद, मग स्टेजसमोरच्या जागेतून बाहेर. गायक खरा रंगात येतो तो त्यानंतर, पण इलाज नाही.

खरी मेख मात्र सही करायच्या कागदात असते. 2015 मध्ये फू फायटर्स या अमेरिकन बँडच्या करारात फोटो एकदाच छापायचे आणि त्यांचा कॉपीराइट बँडला द्यायचा, अशी अट होती. 'वॉशिंग्टन सिटी पेपर'ने सही नाकारली आणि प्रेक्षकांकडून फोटो विकत घ्यायचं ठरवलं. कॅनडातल्या 'ल सोलेई' या दैनिकाने तर फोटोग्राफरऐवजी चित्रकारच पाठवला!

भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक फोटोग्राफरच असतो. पण कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे आयोजकाने मानधन दिलं असेल, तर 'हे फोटो मलाही वापरता येतील' हे आधीच लेखी घ्यायला हवं. नाहीतर स्वतःचेच फोटो इन्स्टाग्रामवर टाकणंही अडचणीचं ठरू शकतं.

कराराचा कागद आदल्या दिवशी मेलवर मागवावा. गेटवर, मागे रांग खोळंबलेली असताना, तो कोणी वाचत नाही.