पेरूमधील शालेय लॅपटॉप व पालकांची धास्ती

मुलांनी अभ्यासासाठी लॅपटॉप वापरण्याविषयी पालकांना वाटणारी चिंता म्हटली की डोळ्यांवरील ताण व खेळांचा नाद यांचाच सहसा उल्लेख होतो. पेरूच्या ग्रामीण भागात मात्र चिंतेचे कारण निराळे होते. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचे पहिले तत्त्व असे की, यंत्र मुलाच्या मालकीचे असावे व ते त्याने घरी न्यावे. पेरू शासनाने सुमारे २०० डॉलर किमतीची अशी लक्षावधी यंत्रे वाटली. आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३१९ शाळांच्या अभ्यासात मात्र निम्म्याहून कमी मुले लॅपटॉप घरी नेत असल्याचे आढळले. यंत्र बिघडले वा चोरीस गेले तर भरपाई आपल्या माथी येईल, ही पालकांची भीती त्यामागील एक कारण होती. तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मालकी मुलाची आणि जोखीम घराची, अशीच ती रचना त्यांना दिसत होती. गणित व भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही, हा याच अभ्यासाचा बहुचर्चित निष्कर्ष. त्यासाठी शिक्षकांच्या अपुऱ्या प्रशिक्षणाकडे बोट दाखविले जाते. ते कारण खरे असले तरी शाळेतील वापरापुरतेच आहे. शाळेच्या कपाटात राहिलेल्या यंत्राचा गृहपाठास उपयोग होणार तरी कसा?