हरलेल्यांची चिलखतं

माझ्या कपाटात एक चिलखत आहे. बाहेरून चामड्याचं बिनबाह्यांचं जाकीट वाटावं असं. आतल्या बाजूने लोखंडी पत्रे रिव्हेट मारून बसवलेले. वजन साधारण नऊ किलो. ते मी स्वतः केलं, दोन हिवाळे खर्च करून. ज्या मूळ चिलखतावरून ते केलं ते घालणारा माणूस २७ जुलै १३६१ रोजी मारला गेला. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. अभ्यासकांच्या यादीत त्याच्या चिलखताला एक क्रमांक तेवढा आहे.

नोकरीच्या निमित्ताने स्वीडनमध्ये राहायला आल्यावर मी या नादाला लागले. नाद असा, की मध्ययुगातले कपडे, जोडे, चिलखतं, भांडी त्या काळच्या पद्धतीने स्वतः बनवायची आणि उन्हाळ्यात काही दिवस तंबू ठोकून त्यांच्यासह राहायचं. युरोप-अमेरिकेत या छंदाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एक खेळाकडे झुकणारी: १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे कुणाच्या तरी परसात मध्ययुगीन वेशातली मेजवानी झाली, त्यातून एक संस्था उभी राहिली. आज तिची माणसं दर उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियात हजारोंच्या संख्येने तळ ठोकतात आणि वेताच्या तलवारींनी लढतात. दुसरी शाखा काटेकोर. तिथे प्रत्येक शिवणीला 'पुरावा काय?' हा प्रश्न विचारला जातो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी आपली मुलं पहिल्या शाखेतली. त्यांच्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी प्लास्टिकचा वाघ उभा असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी सुरुवात तिथूनच केली आणि हळूहळू दुसऱ्या शाखेत गेले. 'पुरावा काय?' या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागलं, ते या लेखात मांडायचं आहे.

गॉटलंड हे बाल्टिक समुद्रातलं बेट. त्यावरचं विस्बी हे जुनं व्यापारी शहर. त्याचा सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा दगडी तट आजही उभा आहे. १३६१ च्या जुलैत डेन्मार्कचा राजा वाल्देमार आटरडाग याने बेटावर स्वारी केली. त्याच्या सैन्याशी लढायला आले ते बेटावरचे शेतकरी. शहर आणि खेडी यांचं वैर जुनं होतं. १२८८ मध्ये त्यांच्यात यादवीही झाली होती. शेतकरी तटाबाहेर मारले जात असताना शहराचे दरवाजे बंद राहिले. नंतर शहराने राजाला शरण जाऊन आपली सुटका करून घेतली. मेलेल्यांची संख्या अठराशेच्या घरात असावी, असा अंदाज आहे.

प्रेतं तटाबाहेर मोठ्या खड्ड्यांत पुरली गेली. १९०५ पासून १९३० पर्यंत टप्प्याटप्प्याने तिथे उत्खनन झालं आणि तीन खड्ड्यांतून किमान ११८५ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांत किशोरवयीन मुलं होती, म्हातारे होते, आधीच्या आजाराने वा दुखापतीने अपंग झालेले होते. आणि एक अगदी अनपेक्षित गोष्ट होती: कित्येकांच्या अंगावर चिलखत तसंच होतं. त्या काळी लोखंड महाग. लढाई संपली की जिंकणारे मेलेल्यांच्या अंगावरचं सगळं उतरवून घेत. इथे ते पूर्ण झालं नाही. जुलैचा उन्हाळा होता, प्रेतं लवकर सडू लागली, म्हणून ती घाईने पुरली गेली असावीत, हे त्याचं सर्वसाधारणपणे दिलं जाणारं स्पष्टीकरण. चामडं कुजून गेलं, पण पत्रे एकमेकांना गंजून चिकटले आणि बरेचसे जागच्या जागी राहिले. कड्यांच्या टोप्या कवट्यांवर गंजून घट्ट बसल्या. विस्बीच्या संग्रहालयात त्या कवट्या तशाच ठेवलेल्या आहेत. बेंग्ट थॉर्डेमान यांनी १९३९-४० मध्ये या सगळ्याचा दोन खंडांत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पंचवीसच्या आसपास चिलखतं पत्र्यागणिक, भोकागणिक नोंदवलेली आहेत. चौदाव्या शतकातल्या साध्या सैनिकाचं चिलखत बनवू पाहणारा जगातला कुणीही हौशी माणूस कधी ना कधी या खंडांपाशी येतो.

याचा अर्थ माझ्या उशिरा लक्षात आला. ही चिलखतं उरली, कारण ती घालणारे हरले. जिंकणाऱ्यांची चिलखतं घरी गेली, वापरली गेली, तुटली, वितळवली गेली.

कपड्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. त्या काळच्या सामान्य माणसाचा जवळजवळ पूर्ण पोशाख ज्या मोजक्या ठिकाणी मिळाला, त्यांतलं एक ठिकाण माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. १९३६ साली वारबेरीजवळच्या बोक्स्टेन इथल्या दलदलीत एक माणूस सापडला. कवटीवर घाव होते आणि देह वर येऊ नये म्हणून त्यात लाकडी खुंट ठोकलेले होते. त्याच्या अंगावर लोकरीचा अंगरखा, झगा, लांब मोजे, चामडी जोडे आणि खांद्यापर्यंत येणारी टोपी होती. त्या टोपीला मागे सुमारे नव्वद सेंटिमीटर लांबीची शेपटी होती. दुसरं ठिकाण ग्रीनलंडमधलं हेर्योल्फ्सनेस. तिथे १९२१ मध्ये पॉल नॉर्लुंड यांनी चर्चजवळची दफनभूमी खणली. शवपेट्यांसाठी लाकूड नव्हतं, म्हणून लोकांनी आपली माणसं वापरलेल्या कपड्यांत गुंडाळून पुरली होती आणि गोठलेल्या जमिनीने ते कपडे राखले. पुढे ती वस्तीच नाहीशी झाली.

म्हणजे आम्ही ज्यांच्यावरून कपडे बेततो ते कोण? हरलेले शेतकरी, खून होऊन दलदलीत पुरलेला एक माणूस आणि नामशेष झालेल्या वस्तीतले मृत. चांगलं आयुष्य जगून म्हातारपणी गेलेल्या माणसाचा अंगरखा मुलाने वापरला, मग नातवासाठी कापला, मग त्याची फडकी झाली. सामान्यांच्या घरातलं जे नीट वापरलं गेलं ते संपलं. मधेच थांबलं ते उरलं.

आता हाताने करून काय कळतं ते सांगते.

पहिला धडा मला कड्यांच्या चिलखताने दिला. चित्रपटांत दिसतं ते जाळीचं चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचं विणकाम; प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली. मी बाजारातून तार आणली, सळईभोवती गुंडाळली, कापली आणि पकडीने एकेक कडी मिटत गेले. वीसेक हजार कड्या झाल्या. तळावर पहिल्याच दिवशी खांद्यावरच्या आणि काखेतल्या कड्या स्वतःच्याच वजनाने उघडू लागल्या. संध्याकाळपर्यंत मी जिथे जिथे बसले तिथे कड्या सांडलेल्या होत्या. चूक सर्वस्वी माझी होती. मध्ययुगीन युरोपातल्या चिलखतांत कडीची टोकं चपटी करून एकमेकांवर आणलेली, त्यांत भोक पाडून बारीक रिव्हेट मारलेला असतो, हे मी वाचलेलं होतं. तेवढे कष्ट नकोत म्हणून सोडून दिलं होतं. पुढे एका जाणत्याकडे बसून रिव्हेटच्या शंभर कड्या केल्या तेव्हा एका चिलखतामागे किती मनुष्यदिवस जात असतील याचा अंदाज आला. इतक्या श्रमाची वस्तू कुणी टाकून देत नाही. विस्बीच्या शेतकऱ्यांची बरीच चिलखतं त्या काळच्या मानाने जुन्या धाटणीची होती, असं अभ्यासक म्हणतात. ते वाचताना मला पूर्वी त्यांच्या गरिबीची कीव येई. कड्या मिटून बोटं सोलल्यावर ते साहजिक वाटू लागलं.

दुसरा धडा कापडाचा. हेर्योल्फ्सनेसचा अंगरखा वरून अंगासरशी आणि खाली घेरदार असतो. घेर येतो तो बाजूंना जोडलेल्या त्रिकोणी पट्ट्यांतून. शिवायला बसले तेव्हा ओळख पटली: या तर कळ्या! आपल्या कळीदार अंगरख्याचीच युक्ती. यात कुणी कुणाचं उचललेलं नाही. कापड हातमागावर विणलेलं, अरुंद आणि महाग असलं की चिंधीही वाया न घालवण्याचा विचार दोन्हीकडे सारख्याच आकारावर येऊन थांबतो. चिलखताखाली घालायच्या जाड अंगरख्याचंही तसंच. युरोपात त्याला गॅम्बेसन म्हणतात. कापडाचे थर एकावर एक ठेवून, काही वेळा मधे कापूस किंवा लोकर भरून, टाके घालून केलेला. शिवताना माझा हात आजीच्या गोधडीच्या धावदोऱ्यावर आपोआप गेला. घाव अंगाला लागतो तो आधी लोखंडावर आणि मग या गोधडीवर. हाड वाचवण्याचं निम्मं काम तिचं असतं. पण लोखंड गंजून का होईना उरतं आणि गोधडी कुजते, म्हणून संग्रहालयात आपल्याला निम्मंच चिलखत दिसतं.

तिसरा धडा रंगाचा. चित्रपटातला मध्ययुगीन शेतकरी नेहमी मळकट तपकिरी. सापडलेले कपडेही तपकिरीच असतात, पण तो रंग बऱ्याच अंशी दलदलीचा आणि मातीचा. त्या काळी मॅडरपासून तांबडा रंग काढत. ही आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली वनस्पती. वेल्डपासून पिवळा. वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून निळा, आणि त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. मी मॅडरमध्ये रंगवलेली लोकर टोपातून बाहेर काढली तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं बघायला आली. आम्लधर्मी दलदलीत लोकर टिकते, पण जवसाच्या धाग्याचं लिनन विरघळून जातं, म्हणून बोक्स्टेनच्या माणसाच्या अंगावर आतला सदरा सापडला नाही. 'सापडला नाही' म्हणजे 'नव्हता' असं नव्हे. जाड लोकर उघड्या अंगावर एक दिवस घालून पाहावी, म्हणजे आतल्या सदऱ्याची गरज पटते.

इथेच सावध राहावं लागतं. मला खाजलं म्हणून त्यालाही खाजत होतं, हे अनुमान कच्चं आहे. मी लहानपणापासून सुती कपड्यांत वाढलेली. त्याची कातडी लोकरीत वाढलेली. तळावर चार दिवस राहून, बार्ली आणि वाटाण्याची पेज खाऊन (सोबत लपवलेली लसणीची चटणी जमेस धरू नये, मिरची तेव्हा युरोपात पोचलेली नव्हती) 'मध्ययुगात असंच वाटत असेल' असं म्हणणाऱ्यांचा मला पूर्वी हेवा वाटे, आता भीती वाटते. अनुभवातून मिळणारा नकार बऱ्यापैकी भरवशाचा असतो: न रिव्हेटलेली कडी टिकत नाही, पाऊस पडत असताना तंबूच्या कापडाला आतून हात लावला की तिथूनच पाणी झिरपतं. होकार तसा नाही. एखादी पद्धत मला जमली एवढ्यावरून तीच तेव्हा वापरत होते हे सिद्ध होत नाही. तिथे पुन्हा पुराव्याकडेच जावं लागतं.

एकदाच अनुभव आणि पुरावा माझ्यासमोर एकत्र आले. चिलखत पूर्ण झाल्यावर मी ढाल घेऊन उभी राहिले आणि एका मित्राला बोथट तलवारीने सावकाश घाव घालायला सांगितलं. धड झाकलेलं, डोकं झाकलेलं. ढाल वर उचलली की गुडघ्याखाली सगळं उघडं. त्याचा तिसरा घाव नडगीला हलकेच टेकला. विस्बीच्या हाडांवरचे तलवारीचे घाव मोठ्या प्रमाणात याच जागी आहेत, हे मी तोवर अनेकदा वाचलं होतं. त्या संध्याकाळी मी पुन्हा चिलखत घातलं नाही.

आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर वाट आणखी अवघड. विस्बीनंतर बरोबर चारशे वर्षांनी, १७६१ मध्ये, पानिपत झालं. पण आपल्यात दहन; पडलेल्या माणसाला अंगावरच्या कापडासकट जमीन सांभाळून ठेवते, असं सहसा घडत नाही. संग्रहालयात काचेमागे दिसतात ती बहुतेक सरदारांची चिलखतं. साध्या शिलेदाराचा घामाने विटलेला, ठिगळ लावलेला अंगरखा मी अजून कुठे पाहिलेला नाही. त्याच्याविषयी लिहिणाऱ्याला कागदांतून, चित्रांतून आणि बहुधा शिंप्यांच्या हातांतून वाट काढावी लागेल.

विस्बीच्या तटाबाहेर, खड्ड्यांच्या जागी, एक दगडी क्रूस आहे. त्यावरच्या लॅटिन लेखात साल आणि वार दिला आहे. विस्बीच्या वेशीपुढे डेनांच्या हातून पडलेले गॉटलंडचे लोक इथे पुरले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असं लिहिलं आहे. १९८४ पासून दर ऑगस्टमध्ये शहरात मध्ययुग सप्ताह भरतो आणि हजारो माणसं जुन्या वेशात रस्त्यांतून फिरतात. पहिल्या वर्षी मी चिलखत चढवून त्या क्रूसापाशी फोटो काढून घेतला होता. आता तिथे जाते ती साध्या कपड्यांत.

तळावर मुलं येतात, पत्र्यांवर टकटक करून बघतात आणि हमखास विचारतात, तू कोणत्या बाजूची? मी गॉटलंडची म्हणते. पलीकडे डेनिश राजाच्या बाजूने उभे राहणारेही असतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या अंगावर याच खड्ड्यांतल्या नमुन्यांवरून केलेली चिलखतं असतात.