कपाशीवरील लाल्या : लक्षणे व निदान

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील कपाशीच्या शेतांत बोंडे भरू लागली की, पुष्कळदा पाने लाल पडू लागतात. देठ व खोडही तांबूस दिसते. शेतकरी यास ‘लाल्या’ म्हणतात आणि रोग समजून औषधाच्या दुकानाची वाट धरतात. वस्तुतः लाल्या ही सर्वसाधारणपणे बुरशी वा विषाणूमुळे होणारी व्याधी नसून, झाडाच्या पोषणात अथवा परिस्थितीत पडलेल्या तुटीची खूण आहे. पानातील हरितद्रव्य घटले की अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य वरचढ होते. ही तूट कशाची आहे हे ओळखल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ जातो.

केवळ खोडाच्या रंगावरून अनुमान काढणे योग्य नव्हे. उन्हाकडील बाजूने खोड तांबूस होणे आणि पीक पक्व होताना बुडाकडून शेंड्याकडे लाली चढणे हे नैसर्गिक आहे. निदानासाठी पानेच पाहावी लागतात.

मॅग्नेशियम हा हरितद्रव्याचा घटक आहे. त्याची उणीव झाल्यास झाड जुन्या पानांतील साठा नव्या पानांकडे वळविते. त्यामुळे खालची पाने प्रथम कडेने लाल होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्र कमी पडल्यास खालची पाने आधी सर्वत्र फिकट व पिवळसर होऊन मागाहून तांबूस होतात. भारतात २००२ साली मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीवर काही बोंडअळ्यांचे नुकसान कमी होऊन एकाच वेळी अधिक बोंडे टिकतात. साहजिकच अन्नद्रव्यांची मागणीही वाढते.

पानांच्या कडा खाली वळून पिवळ्या व नंतर लाल होत असतील, तर पान उलटून पाहावे. तिरके चालणारे फिकट हिरवे तुडतुडे दिसल्यास कारण कीड होय. प्रतिपान सरासरी २ ते ३ तुडतुडे आढळल्यावरच कीटकनाशकाचा विचार करावा. सखल भागातच लाली असेल तर साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे. रात्रीचे तापमान १५ अंश सेल्सियसखाली गेल्यावर आलेल्या लालीवर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही.

मॅग्नेशियमच्या उणिवेसाठी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, तर नत्रासाठी २०० ग्रॅम युरिया मिसळून फवारावा. पाने पूर्ण लाल होण्यापूर्वीच हा उपाय फलदायी ठरतो. कायमचा उपाय म्हणजे शेणखत व माती परीक्षणानुसार खतांचा समतोल. मात्र २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेतील १२ घटकांत मॅग्नेशियमचा समावेश नाही. त्याची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते.

अचूक निदानाचे महत्त्व केवळ पैशापुरते नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. अनावश्यक फवारणी टळणे म्हणजे तेवढा धोका टळणे होय. म्हणूनच पंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी हंगामात एकदा तरी गावकऱ्यांसह शेतात जाऊन पान उलटून पाहण्याची सवय रुजवावी.